पाण्याचा निकाल

गंगाराम आबांना आयुष्यात दोनदा बांधावर खुर्ची मिळाली आणि दोन्ही वेळा ती त्यांना महागात पडली. तिसऱ्यांदा मिळायची शक्यता आता उरलेली नाही, हे एका अर्थी बरंच झालं म्हणायचं.

वरकुट्याच्या शिवारात पाटाच्या खालच्या अंगाला आबांचं तीस गुंठे रान आहे. पाटाला लागून विजयसिंहाचा बारा एकर ऊस, त्याच्या खाली चार एकराचा एक पडीक तुकडा, आणि सगळ्यात खाली, बशीच्या तळाशी असावं तसं, आबांचं रान. तिथून पुढे ओढा. पाणी काही जात विचारून वाहत नाही. पण रानं वाटली गेली तेव्हा ती विचारली गेली होती, त्यामुळे बशीचा तळ कुणाच्या वाट्याला यायचा हे पाण्याच्या आधीच ठरून गेलं होतं. वर उसाला पाणी मोकाट सुटायचं, ते जमिनीच्या पोटातून झिरपत खाली यायचं आणि आबांच्या रानात वर निघायचं. उन्हाळ्यात रानावर मीठ फुटायचं. लांबून बघणाऱ्याला वाटावं, कुणाचं तरी रांगोळीचं पोतं सांडलंय.

आबा स्वतः पाटकरी होते. एकतीस वर्षं त्यांनी पाटाची दारं उघडली आणि बंद केली. याच्या चारीला पाणी सोड, त्याचं तोड, तिसऱ्याच्या शिव्या खा. दुसऱ्यांच्या रानात पाणी पोचवण्यात सगळी नोकरी गेली आणि स्वतःच्या रानातलं पाणी बाहेर काढता येईना, यातली गंमत आबांना कळत होती. हसू मात्र येत नव्हतं.

निवृत्त झाल्यावर त्यांनी रानाला हात घातला. बायको ताईबाई जोडीला. कंबरभर खोल चर खणायचा, तळाला दगड, दगडावर खडी, खडीवर उसाचं पाचट आणि मग माती. असे चर त्यांनी हातांनी खणले, वर्षाला एक, आणि सगळे एका मोठ्या चरीला जोडून ओढ्यात सोडले. जिप्सम टाकलं, धैंचा पेरून फुलायच्या आत हिरवळीचं खत म्हणून गाडला. सगळं गाव हसलं. पोरगा संघपाल कळसला शाळेवर मास्तर, तो दर रविवारी यायचा आणि म्हणायचा, "आबा, सोडा आता. कमरंचं मणकं झिजवून मीठ कमवताय." आबा सोडत नव्हते. आठव्या वर्षी त्या रानात गहू आला. चांगला, ओंबीला दाणा धरलेला. ताईबाईंनी एक ओंबी तळहातावर चोळली, फुंकर मारून कुसळं उडवली आणि दाणे तोंडात टाकले. त्या चावत होत्या तेवढा वेळ आबा तोंड फिरवून ओढ्याकडे बघत उभे राहिले, कारण त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती.

हे झालं आणि त्याच उन्हाळ्यात मधल्या चार एकरात आनंद सर आले.

आनंद सर बारामतीला कॉलेजात भूगोल शिकवायचे. निवृत्तीनंतर त्यांना आणि विमलताईंना मोकळ्या हवेत घर बांधायचं होतं, भोवती डाळिंब लावायची होती. तुकडा स्वस्तात मिळाला, कारण त्यावर वेड्या बाभळीचं रान माजलं होतं. सरांनी जेसीबी लावला. चार दिवसांत बाभूळ भुईसपाट, काट्यांचे ढीग पेटले, धूर गावापर्यंत आला. पाचव्या दिवशी जेसीबीच रुतला. पुढची दोन्ही चाकं बुडाली आणि बादली चिखलात टेकली. नकाशावर जगातल्या सगळ्या नद्या दाखवणारे सर आपल्याच जमिनीत पाणी कुठून आलं म्हणून बघत राहिले. कुणीतरी म्हणालं, खालचे गंगाराम आबा पाटकरी होते, त्यांना विचारा.

आबा पहार घेऊन गेले. त्यांनी जागोजाग पहार ठोकली, उपसली, टोकाची माती चिमटीत घेऊन वास घेतला. हातभर खड्डा काढून त्यात पाणी किती वेळात वर येतं ते बघत बसले.

"सर, बाभळीचं बुडखं काढलं का?"

"सगळं साफ केलंय की, आबा."

"वरचं साफ केलं. खाली तसंच हाय, पुन्ना फुटंल. आन् आजवर पाणी दिसत न्हवतं, कारण बाभळ पीत हुती. आता ती गेली, आता पाणी वर येणार."

सरांनी चष्मा काढला. "बाभूळ पाणी पीत होती?"

"तर काय, सर. एवढी माजली ती काय उन्हावर?"

सरांना हे फार आवडलं. विमलताईंनी चहा दिला, कपबशीतून. आबांनी मग हातचं राखून काहीच ठेवलं नाही. कुठं उपळ आहे, म्हणजे कुठं पाणी खालून वर येतं, ती ठिकाणं खुंट्या ठोकून दाखवली. भोकाचे पाइप किती खोल गाडायचे ते सांगितलं. आणि सगळं पाणी गोळा करून सामाईक बांधाच्या कडेनं ओढ्याला न्यायचं, ही वाट पायांनी चालून दाखवली.

"लांबणीचं हाय. मधी थोडा कातळ लागंल. पर ह्यो रस्ता कुणाच्या रानात जात न्हाय."

"एकदम बरोबर," सर म्हणाले. आबा घरी आले ते जरा ताठ चालत आले. ताईबाईंनी विचारलं, "काय ओ, येवढं?" आबा म्हणाले, "प्रोफेसर हायेत ते, पर समजून घेत्यात."

पंधरा दिवसांनी निरोप आला. चर काढायला परवानगी लागते, सर्कल साहेब पंचनाम्याला येणार आहेत, आबांनी पाण्याबद्दल दोन शब्द सांगावेत. आबांनी धुतलेला सदरा घातला.

बांधावर पाच-सहा माणसं उभी होती. विजयसिंह पंच म्हणून आला होता. साहेब एका प्लास्टिकच्या खुर्चीवर, शेजारी दुसरी रिकामी. साहेब म्हणाले, "बसा आबा." आबांनी मागं वळून बघितलं, आणखी कोण आबा आलेत का. मग सरांनी दंडाला धरून त्यांना बसवलं. विजयसिंह उभा आणि गंगाराम बसलेला, असं त्या शिवारात पूर्वी कधी झालं नव्हतं. खुर्ची उन्हानं तापली होती, चटका बसत होता. तरी आबा हलले नाहीत.

"सांगा आबा," साहेब म्हणाले, "या रानाच्या पाण्याचा निकाल, म्हणजे बाहेर जायची वाट, पूर्वापार कुठून आहे?"

आता इथं आबांच्या आजाची गोष्ट सांगायला पाहिजे, नाहीतर आबा असे का बोलले ते कळायचं नाही. आजाच्या काळी वरकुट्याचा आणि शेजारच्या गावाचा शिवेवरून तंटा लागला होता. अशा वेळी शीव दाखवायचं काम महाराचं. आजानं डोक्यावर मातीचं ढेकूळ घेतलं, खरं बोलायची शपथ घेतली आणि दोन गावं बघत असताना तो उन्हातून अनवाणी चालला. तो जिथून चालला ती शीव. दोन्ही गावच्या पाटलांनी मान्य केली. छप्पन सालानंतर आबांच्या वडिलांनी दीक्षा घेतली, गावकीची कामं टाकली, हातातली काठी चुलीत घातली. पण ही गोष्ट त्यांनी टाकली नाही. पोरांना सांगताना त्यांचा आवाज चढायचा: गावानं आपल्याला पाणी दिलं न्हाय, पर आपला शब्द घेतला. पुढे आबा दर पौर्णिमेला विहारात पंचशील म्हणायचे, तेव्हा खोटं न बोलण्याच्या चौथ्या शीलाला त्यांच्या डोळ्यांपुढे तोच आजा यायचा, डोक्यावर ढेकूळ घेतलेला.

तर साहेबांनी विचारलं आणि आबांनी सांगितलं. जेवढं विचारलं त्याच्या दुप्पट सांगितलं. "साहेब, पाट यायच्या आधी हितनं ओघळ वाहायची. वर विजयसिंहरावांच्या रानातनं निघायची, मग ह्या सरांच्या रानातनं, आन् मग आमच्या रानातनं ओढ्याला. माझ्या वडलांनी बघितलीय, त्यांनी मला दावलीय. आता बुजली. पर पाण्याचा निकाल पूर्वापार त्योच."

साहेब भराभरा लिहीत होते. लिहून झालं, वाचून दाखवलं. एकही शब्द खोटा नव्हता. आबांनी झोकात सही केली. विजयसिंहानंही केली. त्यानं कागद परत देताना तो पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचला होता, हे आबांच्या लक्षात आलं, पण त्यात काही आहे असं वाटलं नाही.

रविवारी संघपाल आला. आबांनी खुर्चीसकट सगळं सांगितलं. पोरगा ऐकता ऐकता पांढरा पडला.

"आबा, तुमी लिहून दिलं? पाण्याचा निकाल आपल्या रानातनं हाय म्हून?"

"हायच की. खरं हाय ते."

"खरं हाय म्हून सगळंच सांगायचं का? त्यांनी इचारलं त्यांच्या रानाचं, तुमी आपलं कशाला सांगितलं?"

"आरं, पाणी अर्ध्यात थांबतंय व्हय? आपल्या घराण्याचा शब्द…"

"कसला शब्द!" संघपाल ओरडलाच. "तुमच्या आज्ज्याला पुढं का करायचे ठाऊक हाय? शीव खोटी ठरली तर मार पाटलाला बसू नये म्हून. पाठ आपली पायजे हुती त्यांना, शब्द न्हाय. आन् आजबी एक खुर्ची दिली की तुमी वितळला."

आबांनी त्याला घराबाहेर जायला सांगितलं. मास्तर झाला म्हणून काय झालं, बापाला शिकवतो. तो जेवला नाही, तसाच गाडीला लाथ मारून निघून गेला. ताईबाई वाढलेलं ताट घेऊन दारात उभ्या राहिल्या.

मे महिन्यात पाइप आले. पिवळे, भोकांचे, मोठमोठी वेटोळी. आबांनी खुंट्या ठोकल्या होत्या तिथंच ते गाडले, आबांनी सांगितलं होतं तेवढेच खोल. मग एके सकाळी जेसीबी सामाईक बांधाकडे वळायच्या ऐवजी सरळ खाली आला. आबांच्या बांधाला त्यानं खिंडार पाडलं आणि सरांच्या चार एकराचं तोंड आबांच्या रानाकडे उघडलं. आबा धावत गेले.

"सर! सर, बांधाच्या कडंनं न्यायचं ठरलं हुतं न्हवं?"

सर वाईट माणूस नव्हते. त्यांना लाज वाटली, ती दिसलीही. "आबा, कातळ फार निघाला हो. ब्रेकर लावावा लागला असता. आणि परवानगी कागदावर इकडूनच आली आहे. पूर्वापार निकाल. तुम्हीच तर सांगितलंत."

"मी ओघळीचं सांगितलं. पावसाचं पाणी, वरच्यावर जाणारं. ह्ये बाराई महिन्याचं पाणी हाय, खारं."

"तुमची चरी आहेच की खाली. इतकी छान बांधलीय तुम्ही. मी सगळ्यांना सांगत असतो." असं म्हणून सर घराच्या पायाकडे निघून गेले.

आबांचे चर तीस गुंठ्यांच्या पाण्याला बेतलेले होते. त्यात चार एकराचं पाणी आलं आणि पाटाला पाणी सुटलं की विजयसिंहाच्या उसातलंही त्या पाइपानं ओढून आणलं. पहिल्या आवर्तनात चर तुंबले. पाचट कुजून वर आलं. हिवाळ्यात गहू वीतभर झाला आणि पिवळा पडला. माघ संपता संपता वाफ्यांच्या कडांना पांढरं दिसू लागलं. ताईबाईंनी बोट लावून जिभेवर टेकवलं आणि थुंकल्या. आठ वर्षं एका पाइपाच्या तोंडातून वाहून गेली. आबांना राग सरांचा आला, विजयसिंहाचा आला, पण सगळ्यात जास्त आपल्याच जिभेचा आला, आणि तो कुठे काढायचा ते कळेना.

ते इंदापूरला कचेरीत अर्ज घेऊन गेले. अर्जात लिहिलं होतं, माझ्या रानात येणाऱ्या पाण्याचा निकाल लावावा. टेबलामागच्या माणसानं जुनी फाइल काढली, आबांचाच जबाब त्यांना वाचून दाखवला आणि विचारलं, "ही सही तुमचीच ना? मग निकाल तर तुम्हीच देऊन ठेवलाय, बाबा." तो चेष्टा करत नव्हता, हेच वाईट होतं.

दुसरं वर्ष उजाडलं. सरांचं घर झालं, वर लाल कौलांचं, पुढे झोपाळा. डाळिंबं कंबरेला लागली. जमीन इतकी कोरडी की विमलताई तिथं चपलांशिवाय फिरायच्या. आबा त्या वाटेनं जायचे बंद झाले होते.

आणि एक दिवस आनंद सर आबांच्या दारात आले. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा. ताईबाईंनी बाजेवरची चादर झटकली. सर बसले, चहा घेतला.

"आबा, विजयसिंहानं अर्ज केलाय. त्याच्या खालच्या अंगाला तीन एकराला पाणी लागलंय. त्याला चरी माझ्या रानातून काढायची आहे. डाळिंबातून, सरळ घराच्या पायाला लागून." सरांनी कप खाली ठेवला. "परवा पंचनामा आहे. तो म्हणतो, पूर्वापार निकाल आहे."

 आबांना मनातून बरं वाटलं, खोटं कशाला सांगायचं. चांगला गुदगुल्या झाल्यासारखा आनंद झाला.

"तुमच्याशिवाय जुनं माहीत असणारं कुणी नाही," सर म्हणाले. "तुम्ही एवढंच सांगा, की वरून माझ्या रानात असा निकाल कधी नव्हता. त्याचं पाणी अडलं की मी माझा पाइप वळवतो. बांधाच्या कडेनं, तुम्ही दाखवला होतात तसा. कातळ फोडून नेतो. शब्द देतो."

"आन् मागं मी सांगितलं ते?"

"ते माझ्या प्रकरणात होतं. हे वेगळं प्रकरण आहे, वेगळी फाइल. तेव्हाचे साहेबही बदलून गेले. ते कोण काढून बघतंय?"

भूगोलाच्या माणसाला कचेरीतलं एवढंच कळत होतं आणि आबांना त्याहून कमी.

सर गेल्यावर ताईबाई आत भांडी घासत होत्या, त्या तशाच राखेच्या हातांनी बाहेर आल्या. "सांगून टाका."

"खोटं हाय ते, ताई."

"मग काय झालं? खरं बोलून काय मिळालं त्ये रानात जाऊन बघा. पाच शीलं हायेत न्हवं? चार पाळा. एक तेवढं ह्या खेपंला बाजूला ठेवा. माझं आठ वरसाचं दगड हायेत त्या रानात." बोलता बोलता त्यांचा आवाज फुटला. ताईबाई रडणाऱ्यांतल्या नव्हत्या, म्हणून आबांना ते सहन झालं नाही.

दोन दिवस आबांनी तोंडातल्या तोंडात तेच वाक्य घोळवलं. निकाल नव्हता. निकाल नव्हता. शाळेत नुकतं घातलेलं पोर पाढा घोकतं तसं ते घोकत राहिले. खोटं बोलायलाही सराव लागतो आणि आबांना तो नव्हता.

पुन्हा बांध, पुन्हा पाच-सहा माणसं, नवे साहेब, दोन खुर्च्या. यावेळी विजयसिंहानंच पुढे होऊन खुर्ची आबांकडे सरकवली. "बसा आबा. तुमच्या शब्दाबाहेर आमी न्हाय." सर आपल्या कुंपणापाशी हाताची घडी घालून उभे होते. विमलताई झोपाळ्यावर, पण झोपाळा हलत नव्हता.

"आबा, वरच्या गटाच्या पाण्याचा पूर्वापार निकाल कुठून आहे?"

आबांनी घसा खाकरला. "हितनं न्हाय साहेब. सरांच्या रानातनं निकाल कंदी नव्हताच."

साहेबांनी लिहिलं. गेल्या वेळी खरं लिहिलं होतं तेवढ्याच वेगानं, तसल्याच पेनानं. कुणी चमकलं नाही, कुणाची भुवई हलली नाही. आजा डोक्यावर माती घेऊन चालला तेव्हा दोन गावांनी श्वास धरला होता म्हणतात. इथं सगळ्यांचा श्वास आपापल्या जागी चालू होता. आबांना वाटलं, झालं, एवढंच असतं होय.

मग विजयसिंहानं खिशातून घडी घातलेली झेरॉक्स काढली. घाईनं नाही, मिशीला हात लावून, सावकाश. "साहेब, हे पण एकदा बघून घ्या. आमीच पंच हुतो."

साहेबांनी मोठ्यानं वाचलं. विजयसिंहरावांच्या रानातून, मग सरांच्या रानातून, मग आमच्या रानातून ओढ्याला. माझ्या वडिलांनी पाहिली आहे, त्यांनी मला दाखवली आहे. खाली सही.

"आबा, ही सही कुणाची?"

"माझी."

"दोन जबाब. कुठला खरा?"

आबांनी सरांकडे बघितलं. दिलेला शब्द आता तरी हा माणूस उचलून धरेल, निदान एक पाऊल पुढे येईल. सर एक पाऊल पुढे आलेही. "साहेब," ते म्हणाले, "आबांचं वय झालंय. त्यांच्या लक्षात राहत नाही काही. त्यांच्या बोलण्यावर विसंबून काही ठरवू नये, एवढंच माझं म्हणणं आहे."

"मग तुमच्या चरीची परवानगी कशावर ठरली, सर?" विजयसिंह म्हणाला आणि माणसं हसली. 

हसणाऱ्यांतला एक जण शेजारच्याला म्हणाला, हळू म्हणाला, पण आबांना ऐकू जाईल एवढ्या हळू, "म्हाताऱ्यानं सरांकडनं काय घेतलं असंल रं?" आबांच्या कानशिलात जाळ झाला. साठ-सत्तर वर्षांत त्यांना लोकांनी नाही नाही ते म्हटलं होतं, तोंडावर आणि पाठीमागे. खोटारडा म्हटलं नव्हतं. तेवढा एकच शब्द उरला होता आणि आज तो त्यांनी स्वतःहून लोकांच्या हातात दिला. संघपाल म्हणाला होता, पाठ पाहिजे होती त्यांना. पोराचं खरं होतं. मार बसला, आणि तो बसायला आबा स्वतःच्या पायांनी चालत येऊन खुर्चीवर बसले होते.

"आबा? कुठला खरा?"

"पयला," आबा म्हणाले.

साहेबांनी आताचं लिहिलेलं आडवी रेघ मारून खोडलं, खाली दोन ओळी लिहिल्या आणि कागद पुढे केला. आबांनी सही केली. अक्षर गेल्या वेळेसारखं आलं नाही. "ही सही जुळत नाही बघा," साहेब म्हणाले, "पुन्हा करा." आबांनी पुन्हा केली.

माणसं पांगली. विजयसिंहाच्या गड्यानं आबा उठायची वाट बघितली आणि खुर्ची उचलून नेली. आबांनी जाताना सरांच्या डाळिंबाकडे एकदा बघितलं. झाडांना लाल कळी धरली होती. पुढच्या महिन्यात त्यातून जेसीबी जाणार, विजयसिंहाचं पाणी सरांच्या पाइपाला मिळणार, आणि तो पाइप काही वळणार नव्हता. जो माणूस आबांना विसराळू म्हणाला, तो कशाला कातळ फोडत बसेल? बारा एकर आणि चार एकर, सगळ्यांचं धुऊन आलेलं पाणी आता तीस गुंठ्यांत उतरणार होतं, कायद्यानं, आबांच्या दोन सह्यांनी.

ते आपल्या रानातून घरी आले. चपला चिखलात रुतत होत्या म्हणून त्या हातात घेतल्या. आजा अनवाणी चालला होता, ते त्यांना आठवलं आणि आठवल्याचा राग आला.

ताईबाई अंगणात सूप घेऊन बसल्या होत्या. त्या चांगल्या वर्षीच्या गव्हातलं बियाण्यासाठी राखलेलं गाडगंभर तेवढं उरलं होतं, ते त्या निवडत होत्या. पेरायच्या तयारीनं. आबांचे पाय बघितले, हातातल्या चपला बघितल्या.

"वळवणार न्हवं पाइप?"

आबा पायरीवर बसले. पायांचा चिखल वाळायला लागला होता आणि वाळता वाळता पांढरा होत होता.

"काय झालं, सांगा की."

"निकाल लागला," आबा म्हणाले.

कुठला निकाल, ते ताईबाईंनी विचारलं नाही. त्यांनी सुपातला गहू गोळा केला, आत नेला आणि दळणाच्या डब्यात ओतला.